सहावीतल्या लेकीबरोबर घरी दुर्बीण: आरसा घासण्यापासून चंद्र दिसेपर्यंत

तुमचे प्रश्न थोडक्यात असे: लेक सहावीत आहे. तिला स्वतः आरसा घासून दुर्बीण बनवायची आहे आणि तिनं २५० मिलिमीटरचा आरसा मनात धरलाय. घर दोन खोल्यांचं. तुमची नोकरी बँकेतली, हत्यारांची सवय नाही. हे जमेल का, त्यापेक्षा तयार दुर्बीण घेणं शहाणपणाचं नाही का, तिला किती करू द्यायचं, आणि आरशावर तिचं नाव कोरलं तर चालेल का.

जमेल. हे मी धीर देण्यासाठी म्हणत नाही. पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यात मापन विभागात मी २२ वर्षं काम केलं. मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा हिशेब हेच माझं पोट होतं. माझी मुलगी बारा वर्षांची असताना आम्ही दोघींनी पहिला आरसा घासला. पुढे ओळखीच्या अकरा घरांत आई किंवा बाबा आणि मूल अशा जोड्यांबरोबर बसले. त्यातले नऊ आरसे आकाशाकडे लागले, दोन अर्धवट राहिले. ते का राहिले तेही सांगते, कारण तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथंच आहे.

आधी आकार. २५० नको, १५० घ्या. तिला कारण नीट सांगा, नुसतं ‘मोठं आहे’ म्हणू नका. १५० मिलिमीटर व्यासाची आणि २५ मिलिमीटर जाडीची काच साधारण १.१ किलोची होते. सहावीतल्या मुलीच्या दोन्ही तळव्यांत ती बसते, तिला उचलता येते, धुता येते. २५० ची त्याच प्रमाणात जाड काच चार-पाच पट जड होते. मग घासणारे तुम्ही आणि बघणारी ती, असं होऊन बसतं. दुसरं कारण गणिताचं आहे आणि ते मला फार आवडतं. १५० मिलिमीटरचा आरसा १२०० मिलिमीटर फोकल लेंथचा (म्हणजे दूरचा प्रकाश आरशापासून एवढ्या अंतरावर एकत्र येतो असा) केला, तर त्याला पॅराबोलाचा, म्हणजे गोलापेक्षा मध्यात किंचित जास्त खोल असा आकार द्यायची जवळजवळ गरज उरत नाही. आदर्श पॅराबोला आणि साधा गोलाचा तुकडा यांतला फरक इथं जास्तीत जास्त ७० नॅनोमीटरच्या आसपास राहतो, म्हणजे केसाच्या जाडीचा हजारावा भाग. चांगल्या आरशासाठी जी जुनी मर्यादा मानतात, तिच्या काठावर हा आकडा नेमका बसतो. म्हणून पहिला आरसा सहा इंची आणि लांब फोकल लेंथचा, हा रिवाज जगभर पडला. या आरशात शनीच्या कड्यांमधली फट, गुरूचे पट्टे, मृगातला तेजोमेघ सगळं दिसतं. अंधारात पूर्ण उघडलेल्या डोळ्याच्या बाहुलीपेक्षा तो साडेचारशे पट प्रकाश गोळा करतो. आणि १३ मार्च १७८१ रोजी विल्यम हर्शेलनं इंग्लंडमधल्या बाथ गावी, आपल्या घरामागच्या बागेतून युरेनस शोधला, तेव्हा त्याच्या दुर्बिणीतला आरसा ६.२ इंची होता आणि त्यानं तो घरीच घासलेला होता. एवढं ऐकलं की २५० चा हट्ट बहुतेक मुलं सोडतात.

पैसे वाचवण्यासाठी मात्र बनवू नका. काच, पावडरी, पिच (पॉलिशला लागणारं राळेसारखं चिकट द्रव्य), काचेला चकाकी देणारा ॲल्युमिनियमचा थर, आयपीस (डोळ्यापाशी लावायचं भिंग), प्लायवुड असं सगळं धरलं तर खर्च साध्या तयार दुर्बिणीच्या आसपास जातो. वर ३०-४० तास नुसतं घासणं आणि पॉलिश करणं. महिनाभरात शनी दाखवायचा असेल तर तयार दुर्बीण आणा, त्यात कमीपणा काही नाही. पण तुमची लेक ‘बनवायची आहे’ म्हणते आहे, ‘बघायची आहे’ म्हणत नाही. हा फरक तुम्ही स्वतःच लिहिलाय.

आता हे काम मुलाच्या हातून का होतं ते सांगते, कारण तुमची सगळी भीती तिथं आहे. तुम्हाला वाटतंय की एवढ्या अचूक कामाला कसलेला हात लागत असेल. इथं उलट आहे. एकावर एक दोन काचा ठेवायच्या, मधे पाणी आणि कार्बोरंडमची, म्हणजे काच घासणारी कठीण पावडर. वरची काच पुढे-मागे सरकवायची, थोडी स्वतःभोवती फिरवायची आणि आपण कामाभोवती पाऊल पाऊल सरकत राहायचं. वरची काच हळूहळू खोलगट होते, तीच आपला आरसा; खालची फुगीर. कुठल्याही दिशेला सरकवले, कसेही फिरवले तरी एकमेकांना सगळीकडे टेकून राहतील असे पृष्ठभाग दोनच प्रकारचे: सपाट किंवा गोलाचा तुकडा. जिथं उंचवटा असेल तिथं जास्त घासलं जातं आणि उंचवटा जातो. म्हणजे गोल आपण घडवत नाही, तो घासण्यातून आपोआप येतो. त्यासाठी लागतं एवढंच की हालचाल एकसुरी नसावी. यंत्रासारखा तंतोतंत तोच फेरा मारत राहिलं तर त्या फेऱ्याची खूण काचेवर उमटते. मुलीचा हात हलका, तुमचा जड. तिचा फेरा आखूड, तुमचा लांब. ती दमली की तुम्ही, तुम्ही दमलात की ती. दोघांच्या चुका एकमेकींना खोडत जातात. मापन विभागात इतकी वर्षं काढूनही मला याचं अजून नवल वाटतं: एक दशांश मायक्रॉनच्या आतबाहेरचं काम दोन बेभरवशाचे हात करतात, आणि ते बेभरवशाचे आहेत म्हणूनच करतात.

जागा फार लागत नाही. एक मजबूत पिंप घ्या, तळाशी विटा टाका, वर जाड प्लायवुडची फळी घट्ट बसवा. फळीवर तीन लाकडी गुटके ठोकून त्यांच्यामध्ये खालची काच धरून ठेवायची. भोवती एक माणूस फिरू शकेल एवढीच जागा हवी. गच्चीवरचं पत्र्याचं शेड असेल तर उत्तम, नाहीतर बाल्कनी. आमच्याकडे सासूबाई म्हणाल्या होत्या की हे तर उभ्यानं दळायचं जातं आहे. खरंच तसं आहे. जात्यावर बसलं की ओवी सुचते म्हणतात. पिंपाभोवती फिरताना मुलं बोलायला लागतात. शाळेत काय झालं, कोण कोणाशी बोलत नाही, कशाची भीती वाटते. हात गुंतलेले असतात, कुणी कुणाच्या डोळ्यांत बघत नसतं. माझ्या मुलीनं गणिताच्या शिकवणीबद्दलचं एक जुनं दुखणं मला २२० नंबरच्या पावडरीनं घासताना सांगितलं. तोवर सहा महिने तिनं ते मनात ठेवलं होतं.

कामाचा क्रम असा. आधी दोन्ही काचांची कड ओल्या घासणीच्या दगडानं किंचित तिरपी करून घ्या, नाहीतर कडेचे टवके उडतात. मग ८० नंबरच्या जाड पावडरीनं खोली काढायची. तुम्हाला हवी असलेली खोली मध्यभागी १.१७ मिलिमीटर. हा आकडा तिलाच काढू द्या: त्रिज्येचा वर्ग भागिले वक्रतेच्या त्रिज्येची दुप्पट, म्हणजे ७५ गुणिले ७५ भागिले ४८००. वक्रतेची त्रिज्या, म्हणजे आरसा ज्या गोलाचा तुकडा आहे त्या गोलाची त्रिज्या, फोकल लेंथच्या दुप्पट असते, म्हणून २४००, आणि त्याची दुप्पट ४८००. मोजायला भारी उपकरण नको. काचेवर स्टीलची पट्टी उभी धरायची आणि मध्यभागी १.२ मिलिमीटरच्या ड्रिलचा गुळगुळीत दांडा खालून सरकवून बघायचा. जेमतेम सरकला की थांबायचं. नंतर काच ओली करून उन्हात धरा आणि भिंतीवर उजेडाचा ठिपका सर्वांत लहान कुठे होतो तिथपर्यंतचं अंतर टेपनं मोजा. १२०० च्या आसपास आलं पाहिजे. त्या ठिपक्याच्या जागी डोळा न्यायचा नाही, हे दोघांनी ठरवूनच बाहेर जा. ३०-४० मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी काही बिघडत नाही, नळी तेवढी लहान-मोठी करायची.

मग पावडर बारीक होत जाते: १२०, २२०, ४००, ६००, शेवटी ८०० किंवा १०००. प्रत्येक टप्प्याचं काम एकच, आधीच्या पावडरीनं पाडलेले खड्डे संपवणं. पेन्सिलीनं काचेवर उभ्या-आडव्या रेघा मारा, पाच मिनिटं घासा आणि रेघा सगळीकडून सारख्या पुसल्या जातात का ते बघा. मधल्या राहिल्या आणि कडेच्या गेल्या, तर अजून गोल जमलेला नाही. खड्डे भिंगातून बघायचे; हे काम मुलांचे डोळे आपल्यापेक्षा चांगलं करतात, म्हणून ‘हा नंबर संपला’ हा निर्णय तिचा. आवाजावरही लक्ष ठेवायला शिकवा. ताजी पावडर खरखरते, जिरत आली की आवाज मऊ होतो, आणि पाणी आटलं की काच ओढ घेते. बारीक नंबरांवर ती ओढ जाणवली तर लगेच पाणी घाला. दोन्ही काचा चिकटून बसल्या तर स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. कोमट पाण्यात बुडवून ठेवा आणि लाकडी गुटक्यानं बाजूनं हलकेच ठोका.

नंबर बदलताना धुणं हे या कामातलं सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत महत्त्वाचं पाऊल आहे. ८० चा एक कण ४०० मध्ये शिरला की काचेवर लांब ओरखडा, आणि मग पुन्हा मागे. काचा, फळी, बादली, हात, नखं, बाहीची शिवण, केस, सगळं. आमचा पहिला ओरखडा माझ्या साडीच्या पदरातून आला. मुलीनं तो दाखवला तेव्हा मी आधी नाकारलं. मग भिंगातून बघितलं आणि दोघी मिळून २२० वर परत गेलो. तेव्हापासून प्रत्येक नंबरचा वेगळा ॲप्रन. धुतलेलं पाणी सिंकमध्ये ओतू नका. काचेचा गाळ पाइपमध्ये सिमेंटसारखा बसतो. बादलीत निवळू द्या, वरचं पाणी झाडांच्या कडेला टाका आणि खालचा गाळ कागदात बांधून कचऱ्यात.

सुरक्षेचं स्पष्ट सांगते. काचेची आणि कार्बोरंडमची कोरडी धूळ फुप्फुसात जाऊ द्यायची नाही. काम नेहमी ओलं. बारीक पावडरी आधीच पाण्यात कालवून बाटल्यांत भरून ठेवा, फळीवर वाळलेला चिखल झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा. पुढे पिच वितळवायचं येईल ते काम पूर्णपणे तुमचं: उघड्या जागी, विजेच्या शेगडीवर, मंद आचेवर, गॅसच्या ज्योतीवर कधीच नाही, कारण वाफ पेट घेते. गरम पिच कातडीला चिकटून भाजतं. हर्शेलचीच गोष्ट तिला सांगा. ऑगस्ट १७८१ मध्ये त्यानं घराच्या तळघरात तीन फुटी धातूचा आरसा ओतायला घेतला. ओतायच्या वेळीच भट्टी गळू लागली, वितळलेला धातू फरशीवर सांडला आणि फरशीचे दगड तडकून उडू लागले. सगळे जीव मुठीत धरून दाराकडे पळाले. घरात मोठं काम करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायचं. त्याच घरात त्याची बहीण कॅरोलिन होती. सोळा-सोळा तास तो पॉलिशवरून हात उचलत नसे तेव्हा ती त्याला घास भरवायची, आणि त्याच कामातून शिकत पुढे तिनं स्वतः आठ धूमकेतू शोधले.

आता ते दोन राहिलेले आरसे. एका घरात परीक्षा आल्या, मग क्रिकेट आलं, मग दहावी. ते समजण्यासारखं आहे, काच कपाटात आहे आणि कधीही सुरू होऊ शकते. दुसऱ्या घरातली गोष्ट मला अजून बोचते. बाबा हुशार, यंत्रं हाताळलेले. मुलगा अकरा वर्षांचा. २२० वर काम रेंगाळलं होतं. एका शनिवारी मुलगा झोपल्यावर बाबांनी रात्रभर बसून २२० संपवलं, धुतलं आणि ४०० निम्मं केलं. सकाळी मुलाला काच दाखवली. आनंद होईल असंच त्यांना वाटलं होतं. मुलानं भिंगातून बघितलं, ‘छान झालंय’ म्हणाला आणि खेळायला गेला. त्यानंतर तो पिंपाजवळ आलाच नाही. बाबांनी चारदा बोलावलं, पाचव्यांदा रागावले. काच ६०० वर थांबली.

त्या बाबांचं प्रेम कमी नव्हतं. पण त्यांनी मुलाच्या नकळत एक गोष्ट सांगून टाकली: तू नसलास तरी हे होतं, आणि लवकर होतं. म्हणून तुम्हाला माझी एकच कडक अट आहे: लेक समोर नसेल तेव्हा आरशाला हात लावायचा नाही. पावडर आणा, फळी दुरुस्त करा, वाचा, मला विचारा. काचेवर मात्र दोघं असतानाच हात. तिला दोन आठवडे नको असेल तर दोन आठवडे काच झाकून ठेवा. काच नासत नाही. आणि एक वही ठेवा, तिच्या अक्षरात: तारीख, नंबर, किती मिनिटं, कोणी घासलं, काय दिसलं. महिन्याभरानं ‘काहीच पुढे सरकत नाही’ असं वाटेल तेव्हा वही उघडायची.

पॉलिशला खालच्या काचेवर पिचचा थर लागतो. हे पिच पाइनच्या चिकापासून करतात. रस्त्याचं डांबर चालत नाही. अंगठ्याचं नख दाबून धरलं तर ठसा सावकाश उमटावा, एवढं कठीण. थर गरम असतानाच साबणपाणी लावलेल्या आरशानं त्याला आकार द्यायचा आणि मग चौकोनी खाचा पाडायच्या. खाचांची जाळी मध्यापासून थोडी सरकवा. चौकोन नेमका केंद्रात आला तर त्याची वर्तुळं आरशावर उमटतात. वर सेरियम ऑक्साइड, म्हणजे पॉलिशची अगदी बारीक पावडर, पाण्यात कालवून, पातळ ताकासारखं. आता काच पारदर्शक होऊ लागते. पहिल्या तासात मधोमध एक चकाकी येते, आणि ज्या मुलांनी दोन महिने फक्त धुरकट काच बघितलेली असते त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. कडेपर्यंत पूर्ण पॉलिश व्हायला सहा-आठ तास धरा, अर्थात रोज अर्धा-पाऊण तास असे.

इथून पुढे तुम्ही दोघं सारख्या पातळीवर येता, कारण चूक-बरोबर तुम्ही सांगणार नाही, प्रकाश सांगणार. लिओन फुको या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८५८-५९ मध्ये शोधलेली चाचणी आहे. एक एलईडी, त्याच्यापुढे बारीक फट आणि दाढीचं एक पातं. आरसा उभा ठेवून त्याच्या वक्रता केंद्रापाशी, म्हणजे २४०० मिलिमीटरवर हे मांडायचं आणि परतलेल्या प्रकाशात पातं हळूहळू सरकवायचं. आरसा अचूक गोल असेल तर सगळा एकदम, सारखा काळवंडतो. नसेल तर सावल्या उमटतात आणि उंचसखलपणा डोळ्यांना नुसता दिसतो: कुठे पुरीसारखा फुगवटा, कुठे परातीसारखा खळगा, कुठे कडेला उतार. जे उंचवटे दिसतात ते काही दशक नॅनोमीटरचे असतात. कारखान्यात एवढं मोजायला आम्हाला तापमान सांभाळलेली खोली आणि महागडं यंत्र लागे. इथं लाकडाचा ठोकळा आणि पातं.

पहिल्या दिवशी एक गोष्ट जरूर करा. चाचणी मांडून ठेवा आणि लेकीला आरशावर अंगठा दहा सेकंद टेकवायला सांगा. अंगठा काढला की त्या जागी टेकाड दिसतं, अंगठ्याच्या उबेनं फुगलेली काच. मिनिटा-दोन मिनिटांत ते ओसरत जातं. काच उबेनं फुगते हे पुस्तकात वाचलेलं असतं; स्वतःच्या अंगठ्याची ऊब अशी समोर उभी राहिली की ते कायमचं कळतं. आणि मग तिला हेही पटतं की पॉलिश केल्या केल्या चाचणी का घ्यायची नाही. घासून काच तापलेली असते. आमचा क्रम असा होता: रात्री जेवणाआधी पॉलिश, सकाळी शाळेच्या बसआधी चाचणी. रात्रभर थांबणं हे काम शिकवतं, ते सांगून शिकवता येत नाही.

सर्वांत नेहमीचा दोष म्हणजे कड पडणं, कडेचा दोन-तीन मिलिमीटर पट्टा बाहेरच्या बाजूला उतरणं. लांब फेरे किंवा मऊ पिच हे त्याचं कारण. फेरे आखूड करून बघा, आणि तरीही राहिलं तर काळ्या कागदाची कडी लावून तो पट्टा झाकून टाका. १५० चा १४६ झाला तर प्रकाश सुमारे पाच टक्के कमी होतो, चित्र मात्र स्वच्छ येतं. यात हार नाही.

कधी थांबायचं हे मला माझ्या मुलीनं शिकवलं. माझी सवय मापनाची. पुरेसं चांगलं झाल्यावरही मी तीन आठवडे तिला पॉलिशला उभी करत होते, आरशावर उरलेलं एक बारीक उंचसखल कडं घालवायला. एका संध्याकाळी ती म्हणाली, ‘आई, यात आत्ता चंद्र दिसेल का?’ मी म्हणाले, थर चढल्याशिवाय कसा दिसेल. मग माझं मलाच आठवलं की नुसती काचसुद्धा पडलेल्या प्रकाशातला सुमारे चार टक्के परत फेकते, आणि चंद्राला तेवढा पुरतो. पुठ्ठ्याची नळी, चिकटपट्टी, खुर्चीचा आधार, असं करून आम्ही गच्चीत गेलो. अष्टमीच्या आसपासचा चंद्र होता. उजेड-अंधाराच्या रेघेवर विवरांच्या कडा इतक्या धारदार की ती एकदम गप्प झाली. मग तिनं आजीला हाक मारली, आजीनं शेजारच्यांना. त्या बारीक कड्याचा विषय मी पुन्हा काढला नाही. तुम्हीही थर द्यायला पाठवण्याआधी हे करा. नुसत्या काचेतून दिसलेला चंद्र पूर्ण तुमच्या हातचा असतो.

थर घरी द्यायचा नाही. चांदीचा थर देण्याची जुनी रासायनिक पद्धत मुलांसमोर करण्यासारखी नाही. त्यातलं मिश्रण साठून राहिलं तर स्फोटक होऊ शकतं. निर्वात भांड्यात ॲल्युमिनियमचा थर देणारे व्यावसायिक आहेत. वर संरक्षक थर मागून घ्या, आपल्या पावसाळी हवेत त्याची गरज आहे. आरसा शक्यतो स्वतः नेऊन द्या आणि तिला बरोबर न्या. कुणाकडून थर घ्यायचा, सेरियम कुठे मिळतं, हे विचारायला पुण्यातली ज्योतिर्विद्या परिसंस्था किंवा मुंबईतलं खगोल मंडळ अशा संस्थांमधली माणसं गाठा. स्वतः आरसा घासलेला माणूस भेटला की तो वेळ काढून बोलतोच.

नळी आणि बैठक यांवर मी फार लिहीत नाही, कारण ते काम सोपं आहे आणि तुमच्या गल्लीतला सुतार मदत करील. बैठक जॉन डॉब्सनच्या पद्धतीची करा. १९१५ मध्ये बीजिंगला जन्मलेला हा माणूस सॅन फ्रान्सिस्कोच्या रामकृष्ण परंपरेतल्या वेदान्त मठात साधू म्हणून राहिला. जुन्या जहाजांच्या खिडक्यांच्या काचा घासून त्यानं आरसे केले, प्लायवुडच्या पेटीत दुर्बीण बसवली आणि रस्त्यावर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना आकाश दाखवलं. प्लायवुडची पेटी, सरकणाऱ्या जागी एका बाजूला सनमायका आणि दुसऱ्या बाजूला टेफ्लॉनचे तुकडे, बस्स. चौकोनी प्लायवुडची नळी पीव्हीसीच्या पाइपपेक्षा हलकी आणि सोयीची. नळीचा तोल कुठे आहे हे लेकीनं ती झाडूच्या दांड्यावर तोलून शोधायचं आणि कानं, म्हणजे नळी ज्यांवर वर-खाली फिरते ते दोन्ही बाजूंचे गोल तुकडे, तिथं लावायची. २५ मिलिमीटरच्या आयपीसनं ४८ पट दिसेल, १० च्या आयपीसनं १२० पट. सुरुवातीला एवढी दोन पुरेत.

वेळापत्रक आपल्या ऋतूंनीच आखून दिलंय. जून ते सप्टेंबर आकाश झाकलेलं असतं, तेव्हा घासा. हवेत ओल असते म्हणून पावडर लवकर वाळत नाही, धूळही कमी. मे महिन्यात पॉलिश काढू नका, पिच वाहायला लागतं. गणपतीपर्यंत बारीक नंबर, दसऱ्याच्या सुमारास चाचण्या, दिवाळीच्या सुट्टीत थर आणि सुतारकाम. मार्गशीर्षातलं स्वच्छ आकाश तुम्हाला आयतं मिळेल. शनीची कडी मार्च २०२५ मध्ये पृथ्वीवरून अगदी कडेनं, रेघेसारखी होती. आता ती वर्षागणिक उघडत जाणार आहेत, तेव्हा तिच्या वहीत दर वर्षीचं एक चित्र काढायला सांगा.

राहिला नावाचा प्रश्न. कोरा, पण पाठीच्या बाजूला आणि आत्ताच, ८० नंबर सुरू करण्याआधी. पॉलिश झाल्यावर मागे कोरायला गेलं तर काचेतला ताण बदलून आकार हलण्याची भीती असते. हिऱ्याच्या टोकाची पेन्सिल काच कापणाऱ्याकडे मिळते. खोल नको, हलक्या हातानं. पाठ ओली ठेवा आणि अक्षरं मध्याच्या जवळ येऊ द्या, कडेपासून दूर. एक सुचवते: तारखेची जागा मोकळी सोडू नका, सुरुवातीचीच तारीख घाला. आमच्या आरशावर तीच आहे.